खोटा कावळा

सुनीतीला तिसऱ्यांदा दिवस गेले, तेव्हा तिच्या सासूने, म्हणजे आनंदीबाईंनी, पहिलं काम काय केलं असेल? सुनेला बाहेरची म्हणून बसवलं.

हो, बाहेरची. चार दिवस बाजूला, कावळा शिवल्यासारखी. ऐकणाऱ्याला वाटेल, सांगणाऱ्याचं डोकं फिरलंय. जिची पाळी चुकलीय तिलाच पाळीची म्हणून बसवायचं? पण नारायण पेठेत प्रत्येक वेडेपणाला एक कारण असतं आणि ते बहुधा शेजारी राहत असतं.

इथे ते दुसऱ्या मजल्यावर राहायचं आणि त्याचं नाव होतं कुसुमताई. धरण फुटून पूर आला, त्यानंतर बांधलेली ती इमारत. मजल्यावर चार बिऱ्हाडं आणि सगळ्यांची मिळून एक गॅलरी. कोणाची सून कोणत्या तारखेला चटई आणि वेगळा तांब्या घेऊन खिडकीशी बसली, चौथ्या दिवशी कोणाचे केस वाळत होते, हे कुसुमताईंना तोंडपाठ. स्वतःचा मुलगा कितवीत आहे हे सांगताना त्या अडखळायच्या, पण दुसऱ्याच्या सुनेची तारीख कधी चुकायच्या नाहीत. एखादीची चटई वेळेवर दिसली नाही की संध्याकाळपर्यंत बातमीने लक्ष्मी रस्ता ओलांडलेला असे.

मागच्या दोन्ही वेळी तेच झालं होतं. चटई दिसली नाही, कुसुमताईंनी गॅलरीतून "काय सुनीती, पेढे कधी?" म्हणून विचारलं आणि दोन्ही वेळा दहाव्या आठवड्यात सगळं संपलं. आनंदीबाईंनी त्यातून काढायचा तो निष्कर्ष काढला. दृष्ट लागली, दुसरं काय!

"आई, पण मला काही झालेलंच नाही," सुनीती म्हणाली.

"म्हणूनच बस. तीन महिने होईपर्यंत झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आणि देवाला काय सांगायचं?"

"त्याला मी सांगून ठेवलंय. तो काही कुसुमला सांगायला जात नाही."

मग सुनीती चटईवर बसली. गुडघे धरून का होईना, आनंदीबाईंनी चार दिवस स्वयंपाक केला. सुनीतीचा नवरा गोपाळकृष्ण एका विम्याच्या कचेरीत कारकून होता. या प्रकरणात त्याचं म्हणून जे काम होतं ते आधीच होऊन गेलं होतं आणि पुढे काय करायचं हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. तो बिचारा वर्तमानपत्रातल्या निविदासुद्धा वाचून काढायचा.

सुनीतीला खरी भीती कुसुमताईंची नव्हतीच. तिला भीती होती दहाव्या आठवड्याची. मुलींच्या शाळेत ती भूगोल शिकवायची, फळ्यावर नद्या काढता काढता मनात आठवडे मोजायची. मागच्या वेळी आपलं काय चुकलं याचा तिने एकटीने खटला चालवला होता आणि निकालही देऊन टाकला होता. पहिल्या वेळी सायकल, दुसऱ्या वेळी मैत्रिणीकडे खाल्लेल्या पपईच्या दोन फोडी. हे तिने नवऱ्याला सांगितलं नव्हतं, सासूला तर नाहीच नाही. दोन मुलं आपणच घालवली असं मनात धरून ती रोज शाळेत जात होती.

सातव्या आठवड्यात उलट्यांनी जीव नकोसा झाला, तेव्हा शाळा सुटल्यावर ती कोणाला न सांगता महापालिकेच्या दवाखान्यात गेली. तिथे नसीमबानू होत्या. बाळंतपणं करणारी नर्स, पण पेठेतल्या जुन्या बायका त्यांना सुईणबाईच म्हणायच्या. पंचवीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. निम्म्या पेठेला त्यांनी पाय धरून उलटं टांगून पहिलं रडायला लावलेलं, त्यामुळे वकील असो की प्राध्यापक, त्यांना कोणाचं दडपण म्हणून येत नसे. त्यांचं मराठी आनंदीबाईंच्या तोडीचं होतं आणि तिखटपणात दोन पावलं पुढे.

"कितवी खेप?"

"तिसरी. आधीची दोन…"

नसीमबानूंनी पेन खाली ठेवलं, उठून दार लोटलं आणि स्टूल जवळ ओढून बसल्या. "सांग. मला घाई नाही. बाहेरच्यांना आहे, पण त्यांना सवय आहे."

आणि सुनीतीने सगळं सांगून टाकलं. सायकल सांगितली, पपई सांगितली, सासूने धरलेली शेजारणीची दृष्ट सांगितली.

"सायकलने गर्भ पडत असते," नसीमबानू म्हणाल्या, "तर या पुण्यात माणूस शिल्लक राहिला असता का गं? आणि पपईने पडत असते, तर सरकारने भिंतीभिंतीवर ते कुटुंबनियोजनाचे लाल त्रिकोण कशाला रंगवले असते? मंडईत पपई फुकट वाटली असती!"

सुनीती फसकन हसली आणि हसता हसताच तिला रडू फुटलं. दोन वर्षांचं साठलेलं रडणं ते, आवरतंय कुठलं! नसीमबानूंनी "गप, गप" केलं नाही. नाक पुसायला कापसाचा बोळा दिला आणि वाट बघत बसल्या.

"हे बघ," रडणं ओसरल्यावर त्या म्हणाल्या, "सुरुवातीलाच गर्भ जातो तेव्हा बहुतेक वेळा त्याची घडणच नीट झालेली नसते. ते तुझ्या हातात नव्हतं आणि तुझ्या सासूच्या शेजारणीच्या डोळ्यात तर मुळीच नव्हतं. आता हा राहील असं वचन मी देणार नाही. खोटं बोलायचा मला पगार मिळत नाही. पण राहिला तरी मी आहे, आणि नाही राहिला तरी मी आहे. लाल दिसलं, पोटात कळ आली, तर लगेच निरोप पाठवायचा. लाजायचं नाही."

एवढं साधं वाक्य तिला आजवर कोणी ऐकवलं नव्हतं. नाही राहिला तरी. सुनीतीला एकदम हलकं वाटलं. नसीमबानूंनी रक्त तपासायला घेतलं, लोहाच्या गोळ्या दिल्या आणि सकाळी अंथरुणातून उठायच्या आधीच मूठभर कुरमुरे खायला सांगितले. निघताना सुनीतीने खोट्या कावळ्याची हकीकत सांगितली. नसीमबानू इतक्या हसल्या की बाहेरच्या बायका डोकावल्या.

"पुढचा कधी शिवणार आहे? मला बघायचाय हा कावळा."

आणि खरंच आल्या. दवाखान्याचं सुनीतीने तोवर सासूच्या कानावर घातलं होतं. नववा आठवडा संपत आलेला, शाळेला रजा, चटई पुन्हा खिडकीशी, पहिलाच दिवस. पांढरी साडी आणि हातात पिशवी बघून कुसुमताई गॅलरीत हजर. आनंदीबाईंनी क्षणभर डोळे मिटले आणि ठोकून दिलं, "देवीची लस टोचायला आल्यात."

कुसुमताईंना सुईचं भारी भय. आत जाऊन त्यांनी जी कडी लावली ती तासभर काढली नाही.

"बसा," आनंदीबाई म्हणाल्या, पण कुठे बसा हे त्यांना सांगता येईना.

"काळजी करू नका, आजी. हिला तुम्ही शिवायचं नाही आणि मी तुमच्या स्वयंपाकघरात यायचं नाही. म्हणजे आम्हा दोघींचा कोपरा एकच. इतका एकांत मला दवाखान्यातही मिळत नाही." आणि नसीमबानूंनी सरळ चटईवर बैठक मारली.

"आजी कोणाची?" आनंदीबाई ताडकन म्हणाल्या. "अजून कोणी आलेलं नाही या घरात. आनंदीबाई म्हणा."

"बरं, आनंदीबाई. युक्ती मात्र झकास काढलीत. आडवं पडल्याने गर्भ टिकतो असं नाही, पण बाईच्या जिवाला उसंत मिळते. मी घरोघरी सांगते, तिला जरा बसू द्या, तर माणसं माझ्याकडे मी हत्ती मागितल्यासारखं बघतात. इथे सासूनेच बसवलीय!"

आपली स्तुती झाली की टिंगल, हे आनंदीबाईंना ठरवता येईना. त्यांनी चहा केला आणि कान तुटलेल्या, फळीवर वेगळ्या ठेवलेल्या कपातून बाहेर आणून ठेवला. नसीमबानूंनी कप पाहिला आणि चहा प्यायल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी, जेवणं होऊन ताटं निघालेली असताना, सुनीतीला लाल दिसलं.

आता गंमत बघा. गंमत कसली, कपाळ! साऱ्या गॅलरीच्या लेखी ती पाळीचीच होती. तिथे बसून ती रात्रीपर्यंत रक्त गाळत बसली असती, तरी कोणाला काही वावगं वाटलं नसतं. ओरडावं तर गॅलरीत कुसुमताई लसूण सोलत बसलेल्या. तिने अगदी हळू हाक मारली.

"आई. खरं आलंय."

आनंदीबाई सोवळ्यात होत्या. उद्याच्या पूजेचं तूप कढवत होत्या. त्या दारापर्यंत आल्या, सुनेचं तोंड बघितलं आणि धपकन चटईवर बसल्या. सोवळं गेलं, तूप करपलं, गुडघे बोंबलले. त्यांनी सुनीतीचं डोकं मांडीवर घेतलं आणि खिडकीतून अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या,

"कुसुम! अगं बघतेस काय? पळ! दवाखान्यातून नसीमबानूंना घेऊन ये. हिला दिवस गेलेत आणि लाल दिसतंय!"

लसूण गॅलरीभर सांडला. कुसुमताई, ज्यांना भाजी आणायलासुद्धा सोबत लागायची, त्या अनवाणी पळाल्या आणि पंधरा मिनिटांत नसीमबानूंना रिक्षात घालून घेऊन आल्या.

नसीमबानूंनी नाडी पाहिली, किती गेलं, कसं गेलं, कळ येते का, एकेक शांतपणे विचारलं. त्याच रिक्षातून सूतिकागृहातल्या डॉक्टरीणबाईंनाही दाखवून आणलं. संध्याकाळी पुन्हा सगळ्या त्याच खोलीत.

"थोडंच आहे आणि थांबल्यासारखं वाटतंय," नसीमबानू म्हणाल्या. "राहील की नाही, आज कोणीच सांगू शकत नाही. वाट बघायची. तोवर मी इथे बसते."

गोपाळकृष्ण कचेरीतून येऊन कोपऱ्यात उभा होता. "मी काय करू?" त्याने विचारलं.

"तिचा हात धरा. एवढं येतं ना?"

त्याने धरला. मग आनंदीबाईंचा बांध फुटला. तोंडाला पदर लावून त्या म्हणाल्या, "माझंच पाप. मी तिला खोटं बसवलं, देवाने खरं करून दाखवलं. मीच घालवलं हो पोर."

सुनीतीने उशीवरून मान वळवली. हे शब्द तिच्या चांगल्या ओळखीचे होते. दोन वर्षं ती हेच तर घोकत होती.

"आई," ती म्हणाली, "खोटं बसून खरं होत असतं, तर मागच्या गौरींना चाळीस पानांचा स्वयंपाक चुकवायला कुसुमताई खोट्याच बसल्या होत्या. त्यांना काय झालं?"

कुसुमताई कॅलेंडर निरखून बघायला लागल्या.

"मला वाटलंच होतं," आनंदीबाई डोळे पुसत म्हणाल्या. "तारीख आठ दिवस आधी कशी आली म्हणून." आणि रडता रडता त्यांना हसू यायला लागलं, ते थांबेचना.

मग त्यांनी उठून चहा केला. नसीमबानूंनी कप हातात घेतला. पांढरा, निळ्या फुलांचा, घरातल्यांचा.

"आनंदीबाई, कप चुकला."

"हाताला लागला तो दिला. निमूट प्या."

दुसऱ्या दिवशी काही नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. दहावा आठवडा गेला, अकरावा गेला. नसीमबानू दर आठवड्याला यायच्या, भरवसा द्यायच्या नाहीत, कुरमुरे खाल्ले का विचारायच्या. चटई गुंडाळून माळ्यावर गेली. गुपित उरलंच नव्हतं; कुसुमताईच रोज एकेक पदार्थ झाकून आणायच्या आणि खिडकीतून आत द्यायच्या.

सहाव्या महिन्यात एके सकाळी नसीमबानूंनी पिशवीतून लाकडी नळी काढली. तिचं रुंद तोंड सुनीतीच्या पोटावर टेकवलं, दुसऱ्या टोकाला कान लावला आणि बराच वेळ हलल्या नाहीत. नसीमबानूंनी मान वर केली, दाराशी उभ्या असलेल्या आनंदीबाईंकडे पाहिलं.

"या आजी. ऐका."

आनंदीबाई नुकत्या न्हाऊन सोवळ्यात होत्या, पूजा व्हायची होती. त्या तशाच आल्या, गुडघे मोडून बसल्या आणि नसीमबानूंच्या कानाची ऊब असलेल्या नळीला कान लावला. आजी कोणाची, असं त्यांनी विचारलं नाही. डोळ्यांतून पाणी वाहून सुनेच्या पोटावर पडत होतं, ते त्यांनी पुसलंही नाही.

"काय हो, ऐकू येतंय का?" खिडकीतून कुसुमताई.

"येतंय," आनंदीबाई म्हणाल्या. "केवढी घाई चाललीय आत! बापावर गेलेलं दिसत नाही." मग जरा सरकून त्यांनी जागा केली. "ये आत. तूही ऐक. पण पायरीपाशी पाय धुऊन ये."