दुसऱ्याचं शेत

न्हाव्यानं डाव्या गालावरून वस्तरा फिरवला आणि उजवीकडं वळण्याआधी आरशाला टेकवून ठेवलेल्या मोबाइलचा आवाज वाढवला. बुद्धरत्न डोळे मिटून बसला होता. बिदरच्या एका कॉलेजात तो संगणकांची प्रयोगशाळा सांभाळायचा. सुटे भाग घ्यायला अधूनमधून गुलबर्ग्याला यावं लागे, आणि आज दुकान उघडेपर्यंतचा वेळ काढायला तो स्टेशनजवळच्या या सलूनमध्ये शिरला होता.

मोबाइलच्या चिरक्या आवाजात एक माणूस कानडीत सांगत होता, की जिमची फी नंतर भरा, आधी जमिनीवर मांडी घालून बसा आणि हात न टेकता उठून दाखवा. भाकरी कमी करू नका, बसणं कमी करा. बुद्धरत्नला बरं वाटलं. आपल्यासारखा विचार करणारं आणखी कुणीतरी आहे म्हणायचं. मग तो माणूस संगणकाकडं वळला. नवा कशाला घेता, जुन्याची डिस्क बदला, आणखी पाच वर्षं पळेल. आणि त्यानंतर जगाकडं. कुठल्या तरी लांबच्या समुद्रात युद्धामुळं जहाजं अडली की आपल्या बाजारात तुरीचा भाव हलतो, म्हणून परदेशाची बातमी ही घरचीच बातमी असते.

बुद्धरत्ननं डोळे उघडले. ही तुरीची गोष्ट त्यानं कुठं वाचलेली नव्हती. ती त्याला स्वतःला सुचली होती, मागच्या उन्हाळ्यात, चालता चालता. फेस लावलेल्या गालासकट तो पुढं वाकला. पडद्यावर त्याचा मित्र प्रभुलिंग होता, इस्त्रीच्या शर्टात, मागं पुस्तकांचं कपाट.

न्हाव्यानं त्याला हलू नका म्हटलं, आणि हे बिदरचे आहेत, यांचं ऐकून माझा भाऊ रोज चालायला लागला, असं कौतुकानं सांगितलं.

प्रभुलिंगचं बिदरच्या नौबाद भागात पंपाच्या मोटारींचं दुकान होतं. कित्येक वर्षं दोघं पहाटे गावाबाहेरच्या रस्त्यानं सोबत चालत. बोलायचा तो बुद्धरत्न. कॉलेजात त्यानं असं काही काढलं की लोक मोबाइल बघू लागत, नाहीतर तास आहे म्हणून उठत. प्रभुलिंग मात्र ऐकायचा. मधेच "मग? पुढं?" एवढंच विचारायचा. त्या दोन शब्दांवर बुद्धरत्नचा अख्खा दिवस बरा जाई.

"माझ्या वडिलांचं सांगतो," पडद्यावरचा प्रभुलिंग म्हणाला. आमच्या शेतात, बांधावर, दुपारच्या उन्हात ते छाती धरून खाली बसले. जन्मभर राबलेलं शरीर. त्यांना काय होणार, असं आम्ही समजत होतो. कधी रक्तदाब तपासला नाही.

न्हावी वस्तरा हातात धरून तसाच उभा राहिला होता. त्याचे डोळे ओले झाले होते.

बुद्धरत्नचे वडील गावी, कमठाण्यात वारले होते. बांधावरच, पण ते शेत दुसऱ्याचं होतं. तिथं ते रोजानं खुरपायला जात. घराबाहेर हे त्यानं आजवर एकट्या प्रभुलिंगला सांगितलं होतं, एका सकाळी, पुलाच्या कठड्यावर बसून. तेव्हा प्रभुलिंग त्याच्या पाठीवर हात ठेवून नुसता बसून राहिला होता.

सुटे भाग न घेताच त्यानं बिदरची बस धरली.

नौबादच्या दुकानाबाहेर खुर्ची टाकून प्रभुलिंगचे वडील गुरुशांतप्पा पान जुळवत होते. बुद्धरत्नला पाहून त्यांनी शेजारची खुर्ची पुढं केली, पोरांची चौकशी केली, एवढ्या उन्हाचं कुठून आलास म्हणून विचारलं. त्यांच्यासमोर त्याला तोंड उघडवेना. प्रभुलिंग काउंटरमागून बाहेर आला, त्याच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि त्याला कोपऱ्यावरच्या हॉटेलात घेऊन गेला.

"बघितलास म्हण की," चहा सांगून झाल्यावर तो म्हणाला.

"मला कामून सांगितलं न्हाईस?"

प्रभुलिंगनं मान खाली घातली नाही. तुला कितीदा म्हणालो, चॅनल काढ म्हणून, त्यानं आठवण करून दिली. तूच म्हणायचास, तोंड दाखवायला मी काय नट आहे. एवढं चांगलं बोलणं रोज रस्त्यावर सांडून जात होतं. आधी सहज एक केलं, लोकांना आवडलं, मग सांगायचं राहून गेलं.

"आन् माझा बाप?"

"दोस्ताचा बाप म्हणलं की कोण ऐकतंय, बुद्धा? आपला म्हणलं की माणूस थांबतंय."

"अप्पा तिकडं पान खात बसलेत."

"त्यांनी बघितलंय. काय बोलले न्हाईत."

चहा आला. बुद्धरत्ननं कप जवळ ओढला नाही.

"बाप घेतलास, घे. शेत कामून बदललास?"

प्रभुलिंगनं बशीत सांडलेला चहा कपात परत ओतला, बोटानं कपाची कड पुसली.

"तसं बरं दिसंना," तो अखेर म्हणाला. "माझ्या तोंडात."

बुद्धरत्न उठला.

घरी येईपर्यंत ऊन उतरलं होतं. त्याची बायको प्रेरणा शाळेतून आली होती आणि गच्चीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होती. चार महिन्यांमागं डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगितलं होतं, आणि तेव्हापासून तिनं हे धरलं होतं. भात कमी केला, खुर्ची सोडून खाली बसू लागली. कितीतरी वर्षं बुद्धरत्न हेच सांगत आला होता. शेवटी माझं ऐकलं बघ, असं त्यानं मोठ्या समाधानानं प्रभुलिंगलाही सांगितलं होतं. प्रभुलिंग तेव्हा हसला होता.

पायरीवर बसून त्यानं तिला सगळं सांगितलं. सलून, न्हावी, तूर, वडील. ती कठड्याला टेकून ऐकत राहिली. तिच्या चेहऱ्यावर नवल काही दिसेना, तेव्हा तो मधेच गप्प झाला.

"तुला म्हाईत हाय."

"व्हय."

"कवापासून?"

"पयल्यापासून. तुमचं बोलणं मला कळणार न्हाई का?"

तिचं माहेर गुलबर्ग्याचं, शिक्षण सगळं कानडीतलं. कानडी तिला आईच्या तोंडची वाटायची.

"मग मला बोलली कामून न्हाईस?"

तिनं पदराच्या टोकानं मान पुसली.

"तुम्ही सांगितलं की मला मी चुकल्यावाणी वाटतंय," ती म्हणाली. "तेच त्यांनी सांगितलं की करावं वाटतंय."

"आन् माझ्या आबांचं? ते बी ऐकलीस?"

"तेवढं मी न ऐकता पुढं सरकवलं."

आणखी काहीतरी म्हणायचं होतं म्हणून त्यानं तोंड उघडलं. तीही ऐकायला थांबली. त्या शांततेत त्याला बारीक आवाज आला. तिच्या गळ्याभोवती इअरफोन लोंबत होता आणि त्यातून प्रभुलिंग अजून बोलत होता.

प्रेरणाच्याही ते लक्षात आलं. तिनं घाईनं कमरेचा मोबाइल काढला आणि अंगठा पडद्यावर टेकवला. तिनं ते बंद केलं नव्हतं. जिथं तुटलं तिथूनच पुढं ऐकता यावं, असं थांबवून ठेवलं होतं.