मुठीचा मसाज

चाळिशी उलटली की कुणाला चष्मा लागतो, कुणाचं पोट सुटतं. मला इसब झालं. तेही हातांना, आणि धंदा कसला, तर बायकांची डोकी धुण्याचा! आधी बोटांच्या बेचक्यांत बारीक पुरळ आलं, मग खाज, मग पेरांना अशा भेगा, की लिंबू पिळायचं म्हटलं तरी डोळ्यांत पाणी यायचं. कातडीच्या डॉक्टरीणबाईंनी हात उलटेपालटे करून पाहिले.

"लहानपणी काही नव्हतं ना? मोठेपणीही सुरू होतं हे. एकाचं दुसऱ्याला लागत नाही, घाबरू नका. पण शाम्पू, रंग, सारखं पाण्यात राहणं बंद करा."

"आमचं पार्लर आहे हो," मी म्हणाले.

"म्हणूनच सांगतेय."

पार्लर आम्हा दोघी बहिणींचं. दोन खुर्च्या, एक बेसिन, भिंतभर आरसा. धाकटी माझ्याहून बरीच लहान. आई गेल्यावर मीच तिला वाढवली, कात्री धरायलाही मीच शिकवलं. मी दवाखान्यातून आले तशी ती म्हणाली, "ताई, आजपासून बेसिन माझं. तू नुसती कापाकापी कर आणि गिऱ्हाइकांशी भांड." आम्ही दोघी हसलो. मी किती पटकन हो म्हटलं ते आठवलं की अजून कानशिलं तापतात.

माझे हात सुधारले. मलम, झोपताना सुती हातमोजे, पाण्याशी फारकत. भेगा भरून आल्या तशी माझी जीभही पूर्ववत चालायला लागली.

मग एकदा मुख्याध्यापकबाई बेसिनवरून उठून माझ्या खुर्चीत आल्या, त्या डोळे अर्धे मिटूनच. "काय डोकं रगडलंय हो हिनं आज! बोटांनी नाही, चक्क मुठीनं. सगळा शीण गेला."

माझी कात्री थांबली. ती मूठ माझ्या ओळखीची होती. बोटांची टोकं फाटली की शाम्पू आत शिरतो आणि आगीचा डोंब उसळतो. मग बोटं आत मिटायची आणि सांध्यांनी डोकं चोळायचं. दवाखान्यात जायच्या आधी मी तेच करत होते, धाकटीला कळू न देता. ही युक्ती कुठल्या क्लासात शिकवत नाहीत.

पहिल्यांदा मनात आलं, माझंच तिला लागलं. मग डॉक्टरीणबाईंचे शब्द आठवले आणि क्षणभर हायसं वाटलं. पुढच्याच क्षणी कळलं, की लागलं नसेल, पण दिलं मीच होतं. बेसिनसकट.

आणि तरी मी काय बोलावं? "हो ना, नवीन शिकलीय ती."

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण बायका येऊन मुठीचा मसाज मागायला लागल्या, तशी मी दारावरच्या पाटीवर रंगीत खडूनं लिहिलं, 'आमच्याकडे खास मुठीचा मसाज करून मिळेल.' धाकटीनं पाटी वाचली आणि "अक्षर छान आलंय," एवढंच म्हणाली.

मला कळलं नाही असं म्हणायची सोय नाही. मी डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं होतं. बोलले असते तर बेसिन पुन्हा माझ्याकडे आलं असतं, नाहीतर पार्लरला कुलूप. रबरी हातमोजे मी घालून पाहिले होते, आत घाम येऊन खाज दुप्पट व्हायची. गर्दीचे दिवस होते. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मी मनाला समजावलं. मूठ दुसऱ्याची होती, म्हणून समजावणं सोपं गेलं.

धाकटी हल्ली मागच्या बाथरूममध्ये फार वेळ लावायची. मी दार वाजवायचे. "झोपलीस की काय आत? गिऱ्हाईक बसलंय!" आतून आवाज यायचा, "आले, ताई, आलेच!"

एका दुपारी बँकेतल्या बाईंचं डोकं धुऊन झालं आणि पांढऱ्या टॉवेलवर लाल डाग दिसला. बाई किंचाळल्याच, "अगं बाई, रक्त?"

"छे हो," मी लगेच म्हणाले, "रंग आहे. सकाळच्या गिऱ्हाइकाचा."

इतकं सफाईदार बोलले मी, की बाईंना पटलं. धाकटीनं मात्र आरशातून माझ्याकडे पाहिलं. तिला न विचारता, डाग नीट न बघता मी उत्तर दिलं होतं. ते तिच्याही लक्षात आलं.

बाई गेल्या. तिनं नळ घट्ट बंद केला.

"ताई, तुला माहीत होतं?"

खोटं बोलता आलं असतं. आत्ताच बोलले होते, जीभ गरमच होती.

"हो," मी म्हणाले.

"पाटीच्या आधी?"

"आधी."

तिनं आदळआपट करावी, मला चार शब्द सुनवावेत असं फार वाटलं. ती खुर्चीवर बसली. पहिल्यांदाच बोटं उघडून मांडीवर ठेवली. माझ्या हातांपेक्षा वाईट होती. लाल, सुजलेली, पेरापेराला चिरलेली.

"मला वाटायचं, तुला कळलं तर तू परत पाण्यात हात घालशील," ती म्हणाली. "म्हणून मलम लावलं की घाईघाईनं पुसून बाहेर यायचे. माहीत होतं, तर निदान दार तरी वाजवायचं नव्हतंस गं."

मी पाण्यात हात घालीन या भीतीनं ती गप्प राहिली होती. मीही त्याच भीतीनं.

दुसऱ्या दिवशी तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. पाटी पुसून नवीन मजकूर लिहिला, 'केस घरून धुऊन यावेत.' काही बायका वाचून पुढच्या पार्लरात गेल्या, काही कुरकुरत का होईना, ओले केस टॉवेलात गुंडाळून आल्या. बेसिनवर मी कुंड्या मांडल्या. मुख्याध्यापकबाईंना मात्र पटेना.

"आणि माझा मुठीचा मसाज?"

"बंद केला."

"अहो, एवढी चांगली कला! कुठे आहे ती? मी सांगते तिला."

ती आत होती, मलम लावायला गेली होती. मी तिला शंभरदा म्हटलंय, इथे आरशासमोर बस, निवांत लाव, कोण काय म्हणतं बघते मी. ती मान डोलावते आणि आत जाऊन कडी लावते.

"बसा जरा," मी म्हणाले. "तिला वेळ लागेल."

बाई बसल्या. मी कंगवे पुसत राहिले. बाथरूमकडे पाहिलंसुद्धा नाही.

"आले, ताई, आलेच!" आतून आवाज आला.

दार कुणीही वाजवलं नव्हतं.