रिकामं म्हणजे ‘नाही’ नव्हे

मी एक जुनी तपासणी आहे. संगणकाच्या प्रोग्रॅममधली जेमतेम एक ओळ. मित्रांनो, फॉर्मच्या रकान्यात तुम्ही जे लिहिता ते मी बघते आणि एवढंच सांगते, की रकाना रिकामा आहे की भरलेला. नुसती स्पेस दाबून मला फसवणारेही असतात. मी ती झटकते आणि म्हणते, “रिकामं!” माझं काम तिथं संपतं. पुढं माणसं जे दिवे लावतात, त्याचा मला भयंकर संताप येतो.

मला अमेरिकेतल्या नोव्हाय गावात प्रितमनं लिहिलं. मूळचा नागपूरचा, इथं गाड्यांच्या कंपनीत इंजिनीअर. आंबेडकर जयंतीच्या जेवणाची नावं घ्यायला त्यानं ॲप केलं होतं. तेव्हा केवढं माझं कौतुक! “एकदम क्लीन कोड आहे यार,” असं बायकोला, रेणूला, दाखवत होता. ॲपमध्ये ॲलर्जीचा रकाना होता. तो रिकामा असला, की मी तसं सांगायचे. आणि या शहाण्यानं माझ्या पुढच्याच ओळीत काय लिहावं? रिकामं असेल, तर यादीत ‘ॲलर्जी नाही’ असं दाखवा! अरे, कुणी सांगितलं तुला? मी ‘नाही’ म्हटलंच नव्हतं. पण माझं ऐकतो कोण!

दोन-तीन जयंत्या तशाच निभावल्या. प्रितमच्या मुलीला, रोशनीला, शेंगदाण्याची ॲलर्जी. ती दुसरीत आहे. रेणू तिचा डबा घरून आणायची. यंदा मात्र स्वयंपाक बघणाऱ्या कमलाकाकूंनी ॲलर्जीवाल्यांसाठी कूट न घातलेल्या भाजीचं वेगळं पातेलं केलं, म्हणून डबा आणला नाही. आणि स्वतःचा फॉर्म भरताना प्रितमनं रोशनीचा तो रकाना सोडून दिला. आपल्याला माहीतच आहे, म्हणे!

जयंतीच्या दिवशी हॉलमध्ये कमलाकाकू यादी बघून वाढत होत्या. ॲप त्यांच्याच फोनवर उघडं होतं, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

“रोशनी... ॲलर्जी नाही. घे गं बाळा, भरली वांगी घे,” काकू म्हणाल्या आणि मोठ्या पातेल्यातलं वाढलं.

थोड्याच वेळात पोरगी खोकायला लागली. “आई, माय थ्रोट फील्स फनी.” रेणूनं पर्समधलं इंजेक्शन काढून तिच्या मांडीत टोचलं. ॲम्ब्युलन्स आली. पोर वाचली, पण कमलाकाकू कितीतरी दिवस धड जेवल्या नाहीत.

आणि प्रितम काय म्हणाला असेल? “त्या चेकमध्येच बग असणार. काढूनच टाकतो.” चेक म्हणजे मी! माझा नुसता तिळपापड झाला! स्वतःचं खापर माझ्या डोक्यावर?

रेणूनं त्याचा लॅपटॉप ओढून कोड वाचला. “चेकनं रिकामं सांगितलं रे. ‘नाही’ तू लिहिलंस.”

मग त्यानं ती पुढची ओळ खोडून नवी लिहिली. आता रकाना रिकामा असला, की फॉर्म पुढं जातच नाही.

मित्रांनो, ज्याचं उत्तर कुणी दिलंच नाही, ते स्वतःच ठरवून टाकू नका. कळकळीनं सांगते, आणि रागानंही सांगते.

बुद्ध पौर्णिमेच्या जेवणाचा पहिला फॉर्म प्रितमनंच भरला. रोशनीचा रकाना? पुन्हा रिकामा! मी ओरडले, फॉर्म अडला.

“अरे यार, मला माहीत आहे ना!” तो वैतागला.

रोशनीनं त्याच्या हातून फोन घेतला आणि एकेक अक्षर शोधत ‘शेंगदाणे’ लिहिलं.

“तुला माहितीये बाबा,” ती म्हणाली. “पण कमलाआजीला कसं कळणार?”