चिवटीची चार मुळं

उन्हाने झाडं मरतात म्हणे. मरत असतील; पण कौतुकाने जी मरतात त्यांच्या पासंगालाही ती पुरायची नाहीत.

रोपवाटिका चालवणारी बाई लेकीच्या बाळंतपणाला गेली, तेव्हा तिच्या गच्चीवर चिवटीच्या चार कुंड्या होत्या. चिवटी म्हणजे मुरमाड, उघड्या उतारावरचं जांभळं रानफूल. तो उतार सपाट करून तिथे गोदामं उठली. मशीन यायच्या आधी बाईने खणून आणली ती एवढीच रोपं. बी काही केल्या रुजलं नाही. दुसरीकडे कुठे सापडतं का म्हणून तिने चपला झिजवल्या, पण एक रोप दिसेल तर शपथ.

हे झाड वर्षानुवर्षं जगतं. मात्र उन्हाळ्यात वरून पार वाळतं आणि मुळात निजून राहतं. त्या झोपेत पाणी मिळालं की संपलं. नेमकं हेच नवऱ्याला सांगायचं राहिलं. "कुंड्यांकडे लक्ष असू द्या हो," एवढं म्हणाली आणि गाडीत बसली. घाईत माणसाचं असंच होतं.

नवरा बापडा साधा. पानं गळायला लागली तसं त्याला वाटलं, झाडं तहानली. मग काय, सकाळ-संध्याकाळ तांब्या तांब्या पाणी.

"अगं, एक दिवस खाडा केला नाही," ती परत आली तसं त्याने गच्चीच्या दारातच सांगितलं. "फुटतील बघ आता."

बाईने मातीत बोट घातलं. नुसता चिखल. पहिली कुंडी पालथी केली. मूळ हातात आलं ते उकडलेल्या कांद्यासारखं लिबलिबीत, वास मारणारं. दुसरी तशीच. तिसरीही. तिला रडायला यायला लागलं. त्याला बोलावं तर कुठल्या तोंडाने?

चौथं मूळ जरा टणक लागलं. कुजलेलं कापून टाकलं की आतलं पांढरं कधी कधी वाचतं. तिने सुरी घेतली. कापलं, तपकिरी. आणखी कापलं; तपकिरी. तो शेजारी उकिडवा बसला. न सांगता सगळं कळलं होतं त्याला.

"अजून थोडं काप," तो म्हणाला. "पांढरं लागेल गं."

बोटाएवढं राहिलं, मग नखाएवढं. ती सुरी खाली ठेवायला लागली तसं त्याने मनगट धरलं, आणि दोघांनी मिळून पुढची चकती काढली. तीही तपकिरी. सुरीखाली धरायला आता काही उरलं नव्हतं, तरी तो म्हणत होता, "एकदा बघ. एकदाच."