स्पॅममध्ये पडलेलं अभिनंदन

मी एक ई-मेल बोलतोय. मला कागद नाही, शाई नाही, पोस्टाचा शिक्का नाही. तरी मी पत्रच आहे, आणि खरं पत्र आहे. हे 'खरं' मला मुद्दाम सांगावं लागतं, यातच माझी सगळी शरम आली. भल्या माणसाला कधी चौकात उभं राहून सांगावं लागतं का, की बाबांनो, मी चोर नाही?

माझा जन्म कासा गावातला. बाजाराच्या मागच्या गल्लीत एका लहान संस्थेचं केंद्र आहे. आदिवासी पाड्यांवरच्या मुलींना तिथे रुग्णसेविकेचं शिक्षण देतात, राहण्या-जेवणाची सोयही करतात. तिथला सगळा पत्रव्यवहार जतीन बघतो. निवड झालेल्या मुलींना कळवायला त्यानं मला लिहायला घेतलं, तेव्हा केंद्राच्या प्रमुख हेमालीबेन त्याच्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

"जतीन, जरा गोड लिही ने. नुसतं सरकारी नको. पोरींना वाचून आनंद व्हायला पाहिजे."

म्हणून जतीननं माझ्या कपाळावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'अभिनंदन!!! आपली निवड झाली आहे.' खाली मजकूर: ठरल्या तारखेपर्यंत मूळ कागदपत्रं घेऊन हजर राहावे, नाहीतर जागा पुढच्या मुलीला जाईल. मला काय ठाऊक, की ज्या शब्दांनी मी नटलो, तेच शब्द जगातले सगळे भामटे वापरतात!

आम्हा ई-मेलांचं एक बरं असतं. आमची एक प्रत पाठवणाऱ्याकडे राहते आणि एक घेणाऱ्याकडे जाते. म्हणून मी कासालाही होतो आणि तलासरीच्या पूर्वेला डोंगराच्या कुशीतल्या एका पाड्यावरच्या मोबाइलमध्येही. दोन्हीकडची गोष्ट मी सांगू शकतो ती त्यामुळेच.

तो मोबाइल दक्षाचा. शुक्रा आणि गंगी यांची ही धाकटी लेक. भात आणि नाचणी पिकवणारं घर. बारावी झालेली ती पाड्यावरची पहिलीच मुलगी. आदल्या वर्षी तिच्या वहिनीला कळा सुरू झाल्या, जीपमधून दवाखान्यात नेताना वाटेतच बाळ जन्मलं. जीपमध्ये बायका होत्या, पण बाळाला हातात घ्यायला कुणी पुढे होईना. दक्षानं घेतलं. आपल्या ओढणीत गुंडाळून छातीशी धरलं आणि दवाखाना येईपर्यंत त्याच्याशी बोलत राहिली. उतरल्यावर तिथल्या सिस्टरनं विचारलं, "तू ट्रेनिंग घेतलंयस का?" तो प्रश्न तिच्या डोक्यातून गेलाच नाही. त्यापायीच तिनं कासाच्या केंद्राचा फॉर्म भरला होता.

तर मी निघालो. निमिषात तिच्या पत्त्यावर पोचलो. पण दारातच मला अडवलं. तिचा पत्ता एका बड्या कंपनीच्या मेलसेवेवरचा, आणि त्या सेवेच्या उंबऱ्यावर एक यंत्र पहाऱ्याला बसलेलं. त्यानं मी कुठून आलो ते पाहिलं, माझं कपाळ वाचलं, आणि एक शब्दही न विचारता मला बाजूच्या अंधाऱ्या खोलीत ढकललं. त्या खोलीला स्पॅम म्हणतात.

काय सांगू तिथली संगत! एक जण टकलावर केस उगवून देणारा, एक बसल्या जागी कर्ज वाटणारा, एक परदेशातल्या मेलेल्या शेठचा वारस शोधणारा. लॉटरीवाला तर मला बघताच खूश झाला.

"अभिनंदन का? आमचंही तेच! ये, बस."

मी मान खाली घातली. त्याच्या आणि माझ्या कपाळावर अक्षर न् अक्षर सारखं होतं. 'मी तुमच्यातला नाही' असं म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. तिथला प्रत्येक जण हेच म्हणत असणार.

पाड्यावर रेंज येत नाही. दक्षा आठवड्याच्या बाजाराला तलासरीला आली, की मोबाइल उघडायची. आधी आलेल्या पत्रांत बघायची, तिथे मी नसायचो. तिचं तोंड उतरायचं. गंगी विचारायची, "आला का काही निरोप?" दक्षा म्हणायची, "येईल ना आये, एवढी घाई काय?" पण पाड्यावर सगळ्यांना ठाऊक झालं होतं, की शुक्राची पोर नर्स व्हायला चाललीय. जो भेटेल तो तेच विचारायचा.

एका बाजारात तिचा चुलतभाऊ सुरज भेटला. तो तलासरीला मोबाइलच्या दुकानात काम करतो. म्हणाला, "दे इकडे, स्पॅममध्ये बघू. कधी कधी तिकडे जातं."

त्यानं आमच्या खोलीचं दार उघडलं. उजेड आत आला. पडद्यावर आमची नुसती कपाळंच दिसत होती. दक्षाचे डोळे माझ्यावर आले.

"सुरज, हे बघ! निवड झाली म्हणतायत!"

सुरजनं वाचलं आणि हसला. "अगं, फेक आहे हे. तीन-तीन उद्गारचिन्हं कोण टाकतं? ओपन पण नको करू. चिमणदादाचं विसरलीस?"

ती विसरली नव्हती. तिच्या थोरल्या भावाला, चिमणला, असाच एक 'अभिनंदन'वाला संदेश आला होता, विमानतळावर नोकरी लागल्याचा. त्यानं सांगतील ते सगळं केलं, साठवलेलं सगळं गमावलं, आणि नवे कपडे घालून मुंबईला जाऊन परत आला. पाड्यावरची पोरं अजून त्याला 'विमान' म्हणून हाक मारतात. चिमण त्यानंतर बाजारालाही फारसा येत नाही.

दक्षानं माझ्याकडे पुन्हा एकदा बघितलं. मला ओरडून सांगायचं होतं, बाई, खाली हेमालीबेनचं नाव आहे, केंद्राचा पत्ता आहे, एवढं एकदा वाच! पण आम्हाला उघडल्याशिवाय आवाज फुटत नाही. तिनं मोबाइल बंद केला. तिचं काही चुकलं नाही. घर एकदा पोळलेलं होतं, ती जपून वागली. मीच माझं खरेपण तिला दाखवू शकलो नाही.

तिकडे कासाला जतीन चिडला होता. दक्षाचा फोन लावला, तर 'संपर्क क्षेत्राबाहेर'. परत लावला, तेच. तो हेमालीबेनना म्हणाला, "मॅडम, या पोरी हौसेनं फॉर्म भरतात आणि मग येत नाहीत. आपण कुठवर मागे लागायचं?" तारीख उलटली. जागा प्रतीक्षायादीतल्या पुढच्या मुलीला, आशागडच्या भिकीला मिळाली. भिकी ट्रंक घेऊन आली आणि वर्ग सुरू झाले.

दक्षानं एक दिवस घरी सांगितलं, "माझा नंबर नाय लागला." आणि दुसऱ्या आठवड्यापासून ती उंबरगावला एका कंपनीत पॅकिंगला जाऊ लागली. पाड्यावरून पहाटे निघताना ती विहिरीकडची वाट टाळून शेतातून जायची. विहिरीवर बायका असतात.

शुक्राला हे बघवेना. खत घ्यायला तो कासाच्या बाजारात गेला आणि तिथून विचारत विचारत केंद्रावर आला. चपला दाराबाहेर काढून उभा राहिला. जतीननं बसा म्हटलं, तरी बसला नाही.

"साहेब, मी भांडायला नाय आलो. पोरीचं काय कमी पडलं, तेवढं सांगा. पुढल्या वेळेला ती सुधारेल."

जतीननं नाव विचारलं आणि एकदम आवाज चढवला. "अहो, तुमच्या मुलीची निवड झाली होती! आम्ही कळवलं. तुम्हीच आला नाहीत!"

"आम्हाला कुठं कळवलं?"

"हे काय, बघा!" जतीननं मला पडद्यावर उघडलं. शुक्रा पुढे झाला. बोट पडद्याला न लावता त्यानं ओळीवरून फिरवलं आणि लेकीच्या नावावर थांबला. 'दक्षा शुक्रा…' त्यानं आपलंही नाव वाचलं. मग हळूच म्हणाला, "साहेब, हे इथंच आहे. आमच्याकडं नाय आलं."

आता जतीनचाच चेहरा पडला. मीही त्याच क्षणी जमिनीत गडप झालो असतो, तर बरं झालं असतं. पत्राचा जन्म घेऊन मी लिहिणाऱ्याच्याच घरी बसून राहिलो होतो.

हेमालीबेन आतून आल्या. सगळं ऐकून त्यांनी डहाणूच्या धर्मेशला बोलावलं. धर्मेश केंद्राचे कॉम्प्युटर बघतो. त्यानं तासभर खटपट केली आणि म्हणाला, "तुमचा पत्ता भाड्याच्या सर्व्हरवर आहे ना, तिथलाच दुसरा कुणी भाडेकरू लबाडीचे मेल पाठवतोय. मोठी कंपनी मग त्या सर्व्हरवरून येणारं सगळंच स्पॅममध्ये ढकलते. सुक्याबरोबर ओलंही जळतं, तशातली गत."

"मग त्यांना सांग ने, आपण तसले नाही!"

"सांगितलं. यंत्राकडूनच उत्तर आलं. नियमांनुसार योग्य आहे म्हणे."

संध्याकाळी कंपनीतून परत येताना दक्षाला तलासरीच्या स्टँडवर बाप उभा दिसला. त्यानं फक्त एवढंच म्हटलं, "केंद्राचा मेल स्पॅममध्ये पडलाय. तो उघड." आमच्या खोलीत महिनाभरच मुक्काम मिळतो, मग कायमचं पुसतात. माझे दिवस भरतच आले होते. दक्षानं मला उघडलं, शेवटपर्यंत वाचलं आणि तिथेच फलाटाच्या कडेला बसली. ती रडली ती दुःखानं का सुटकेनं, मला कळलं नाही. इतके दिवस जी लाज ती वागवत होती ती तिची नव्हतीच, हे मात्र तिला कळलं असावं.

दुसऱ्या दिवशी बापलेक केंद्रावर आले. हेमालीबेननी सगळ्या मुलींसमोर तिची माफी मागितली. भिकी कावरीबावरी होऊन म्हणाली, "ताई, जागा तुझी आहे. मी जाते घरी." दक्षानं तिच्याकडे बघितलं, तिच्या अंगावरच्या नव्या एप्रनकडे बघितलं.

"तिला काढू नका, मॅडम. दिवाळीनंतरच्या बॅचला मी येईन. पण माझा नंबर लागला होता, हे आमच्या पाड्यावर कुणीतरी येऊन सांगा. मी सांगितलं, तर चिमणदादासारखंच होईल."

जतीननं मान खाली घालूनच सांगितलं, "मी येतो."

रविवारी तो शेअर जीपनं गेला, पुढची चढण पायी चढला. विहिरीजवळ बायका जमल्या, पुरुष आले, पोरं आली. शर्टाच्या बाहीनं घाम पुसत जतीन म्हणाला, "दक्षा पहिल्याच यादीत पास झाली होती. पत्र पोचलं नाही, ही चूक आमची. आणि ती येत नाही म्हणून मी तिला नावं ठेवली, ती चूक माझी." मग एक म्हातारी म्हणाली, "बस बाबा, पाणी पी." लोटा आणून दिला तो चिमणनं.

आता मी दक्षाच्या मोबाइलमध्ये पुढच्या खोलीत आहे. तिनं 'हे स्पॅम नाही' असं यंत्राला सांगून मला बाहेर काढलं. पण त्या एका घरापुरताच मी खरा झालो. केंद्राची इतर पत्रं अजून कुठे कुठे अंधारात पडून आहेत, आणि माझी शरमही पुरती गेलेली नाही. वाचकांनो, चोरांपासून जपा, जपायलाच हवं. पण दार लावण्याआधी खाली कुणाचं नाव आहे, तेवढं एकदा बघा. आणि पाठवणाऱ्यांनो, आम्हाला रवाना केलं की आपलं काम झालं, असं समजू नका.

दिवाळीनंतर जतीननं नव्या बॅचची पत्रं पाठवली. दक्षाच्या नावाचंही एक होतं, माझं धाकटं भावंड. ते दारात अडकलं की आत पोचलं, हे बघायची वेळच आली नाही. पत्र पाठवून जतीननं मान वर केली, तेव्हा दक्षा ट्रंक घेऊन केंद्राच्या पायरीवर उभी होती.