बुधवारचं तिकीट

कोठून: पुणे. कोठे: डब्लिन. प्रवासी: एक.

बिबवेवाडीच्या दोन खोल्यांत बसून ज्ञानदेव तीन आठवडे चार वेबसाइटी पाहत होते. तिकीट बायकोचं. तिकडे मुलीचं, उत्कर्षाचं, गुरुवारी सकाळी सिझेरियन होतं. मागच्या खेपेला मूल गेलं तेव्हा तिच्याजवळ घरचं कोणी नव्हतं. या वेळी फोनवर तिने एवढंच मागितलं होतं, "शुद्धीवर येईन तेव्हा आई समोर पाहिजे."

सतरा जण आत्ता हेच विमान पाहत आहेत.

ते सतरा जण ज्ञानदेवांना दिसायचे. सगळे त्यांच्याच जागेवर टपलेले. एका साइटवर भाडं कमी, पण शेवटच्या पानावर कसलंसं शुल्क उगवायचं. दुसरीवर बॅगेचे पैसे वेगळे. तिसरी रोज सकाळी चढलेली. खराडीत नोकरीला असलेला शेजारचा योगेश म्हणाला, "काका, कुकीज पुसा. साइट ओळखते तुम्हाला."

"बरं आहे. सोसायटीचा सेक्रेटरी अजून ओळखत नाही."

सोमवारचं महाग. मंगळवारचं त्याहून. बुधवारी सकाळचं, दिल्लीत एकदा आणि आखातात एकदा विमान बदलायचं, ते जवळजवळ निम्म्यात.

"अगदी आदल्या दिवशी?" बायको म्हणाली.

"बुधवारी रात्री पोचतेस. ऑपरेशन गुरुवारी. मग झालं तर."

या दरात एकच जागा शिल्लक.

तीन आठवडे घासाघीस केलेल्या माणसाने नावाचा रकाना दहा सेकंदांत भरला. श्यामला. खालची बारीक अक्षरंही वाचली: नाव बदलता येणार नाही, पैसे परत नाहीत. नाव कशाला बदलायचंय?

बुधवार. लोहगाव. विमानतळाचं दार.

जवानाने पासपोर्ट पाहिला, तिकीट पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. "ये श्यामला कौन है?"

"हीच," ज्ञानदेव म्हणाले.

"इसमें तो सत्यशीला है."

पासपोर्ट शाळेच्या दाखल्यावरून काढलेला. ज्ञानदेवांना ते ठाऊक नव्हतं असं नाही. पण चौतीस वर्षांपूर्वी ताटातल्या तांदळांवर अंगठीने त्यांनीच श्यामला लिहिलं, आणि त्यानंतर दुसऱ्या नावाची गरज त्यांना कधी पडली नाही.

विमान कंपनीच्या खिडकीवरच्या मुलीने खूप वेळ बटणं दाबली. "सर, स्पेलिंग चुकलं असतं तर बघितलं असतं. हे दुसरंच माणूस आहे."

"नवीन द्या. लागेल ते घ्या."

"आज रात्री मुंबईहून निघालात तरी उद्या दुपार होते."

दुपार.

बायकोचा फोन वाजला. उत्कर्षाच.

"आई, आत गेलीस?"

"नाही गं. तिकिटात घोटाळा झाला. मी सकाळपर्यंत नाही पोचत."

बायको फोन तसाच कानाला लावून उभी राहिली. "जावईबापूंना सांग, हलू नका म्हणावं," ती मग म्हणाली. ते ऐकलं गेलं की नाही, कळलं नाही.

बाकावर ज्ञानदेवांनी आपला मोबाइल उघडला. पुणे. डब्लिन. एक. गुरुवार, शुक्रवार, शनिवार. भाड्यांची यादी आली आणि बोट सवयीने 'स्वस्त आधी'वर गेलं.

ती बघत होती.

"शनिवारचं घ्या," ती म्हणाली. "आता काय घाई आहे?"