ज्याला हात ओळखत होता ते कपाट

मी एक जुने सागवानी कपाट आहे, मित्रांनो. सध्या मागच्या गॅलरीत, रंगाच्या रिकाम्या डब्यांशेजारी उभे आहे. माझे एक दार फुगले आहे, ते आता लागत नाही.

माझा जन्म याच घराच्या स्वयंपाकघरात झाला. सुतारदादांनी देवदार सुचवला होता, हलका आणि रंधा मारायला सोपा. पण घरात नुकतीच आलेली सून सागवानावर अडून बसली. जन्मभर जवळ राहायचे ते दणकट हवे, असे तिचे म्हणणे. सासूबाईंनी नाक मुरडले, तरी तिचेच खरे झाले.

पुढे ती आई झाली, मग आजी. उतारवयात तिची नजर अधू होत होत पार गेली. स्वयंपाकघरात मात्र तिचे कुणावाचून अडत नसे. माझ्या दारांवरचे कंगोरे बोटांनी चाचपून ती नेमका हवा तो खण उघडी. पाहुणे तोंडात बोट घालत. ती म्हणे, डोळे गेले, हात अजून घरातच आहेत. तेव्हा मला कोण अभिमान वाटे!

मग माझ्या पाठीला वाळवी लागली. लेकाने सगळे स्वयंपाकघरच नवे करायचे ठरवले. त्याच्या मनात वाकडे काही नव्हते. टेबलावर लाकडांचे तुकडे मांडले गेले: ओक, अक्रोड, बीच. त्याला गडद हवे, बायकोला फिके. बराच खल झाला आणि फिकट बीच ठरले. दारे गुळगुळीत, बिनमुठीची, सगळी एकसारखी. मग कुणाला तरी आजीची आठवण झाली.

"रंगाचं मला काय करायचंय?" आजी म्हणाली. "खणांच्या जागा तेवढ्या बदलू नका."

"अगं आई, नवी दारं अलगद लागतात. तुझी बोटं चेमटायची नाहीत," लेक मायेने म्हणाला. जागांचा विषय तिथेच राहिला.

नव्या स्वयंपाकघरात आजीने चहाचे आधण ठेवले. मला इथून दिसत होते. त्या सपाट दारांवरून तिचा हात नुसता फिरत राहिला. एक उघडले, ताटे निघाली. दुसऱ्यात पुसायची फडकी. आधण आटून भांडे करपले. सून धावत आली, गॅस बंद केला आणि हळूच म्हणाली, "आई, तुम्ही बसा. मी देते ना."

आजी बसली. पुन्हा ती चहा करायला उठली नाही. चहा आता खोलीत जातो आणि अर्धा परत येतो.

परवा ती भिंतीच्या आधाराने गॅलरीत आली. तिचा हात माझ्यावर पडला, थबकला. तिने खण उघडला, आत चाचपले.

"इथंही काही नाही," ती स्वतःशीच म्हणाली आणि भिंत धरत परत गेली.

मित्रांनो, माझे काही वाचवण्यासारखे उरलेले नाही, वाळवी आपले काम पुरे करील. तुमच्या घरी कधी नवे लाकूड निवडायला बसाल, तेव्हा त्या दारावर कुणाचा हात पडणार आहे ते आधी विचारा. आणि उत्तर पुरते ऐकून घ्या. आमच्या घरात ते अर्धेच ऐकले गेले.